रविवार कोणाचा?

मैत्रिणींनो, पावसाळ्यात पापड कसे टिकवावेत इथपासून मुलांचा अभ्यास कसा घ्यावा इथपर्यंत नाना गोष्टी आपण ह्या पानावर बोललो. आज सांगायचं आहे ते थोडं माझ्याच विरुद्ध आहे. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आषाढातली गोष्ट. इगतपुरीचा पाऊस म्हणजे काय, ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. तीन-तीन दिवस कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, मीठ बरणीतच पाणी होतं. अशा एका सकाळी आमच्या धुण्याभांड्याच्या मावशी प्लास्टिकच्या कागदाची खोळ डोक्यावर घेऊन आल्या, खोळ दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि नेहमीसारख्या भांड्यांकडे न वळता ओट्यावर घडी केलेला एक कागद ठेवला.

"ताई, सवडीनं वाचा," एवढंच म्हणाल्या आणि नळ सोडला.

मला वाटलं, मुलीच्या शाळेचा काही कागद असेल. मी अर्धवेळ का होईना शिक्षिका आहे, तेव्हा वाडीतल्या बायका असले कागद माझ्याकडे आणतात. उघडून पाहते तो काय! वर "सौ. ताई यांस, सा. न. वि. वि." आणि खाली आकडे घालून चार मागण्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी व तो दिवस खाडा धरू नये. पगार पाच तारखेच्या आत मिळावा. आजारपणात निदान चार दिवसांचा पगार कापू नये. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगावं आणि जादा भांड्यांचे जादा पैसे द्यावेत. शेवटी वेड्यावाकड्या, पण ठसठशीत अक्षरांत मावशींची सही.

खरं सांगते, मला राग आला. दिवाळीला मी साडी देते, मुलीला पुस्तकं देते, चहा तर रोजचाच. कधी आवाज चढवून बोलले असेन तर आठवत नाही. आणि तरी माझ्या नावानं अर्ज! तोंडानं सांगता आलं नसतं का? दिवसभर शाळेत मन लागलं नाही. सातवीच्या वर्गाला पत्रलेखन शिकवत होते. "विनंती अर्ज" हे शब्द फळ्यावर लिहिताना खडू मोडला.

अक्षर कोणाचं ते मी पाहताक्षणीच ओळखलं होतं. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या अण्णांचं. पंचाहत्तरीला आलेले अण्णा रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना युनियनचे शाखा प्रतिनिधी होते. आता पेन्शनीत आहेत, पण त्यांच्या पडवीतलं टेबल काही निवृत्त झालेलं नाही. नवरा गेलेली बाई कौटुंबिक पेन्शनच्या कागदासाठी येते, कोणाच्या सेवापुस्तकात नाव चुकलेलं असतं, कोणाला हयातीचा दाखला भरायचा असतो. अण्णा सगळ्यांचं लिहून देतात. पैसे घेत नाहीत. अट एकच, अंगठा चालणार नाही. सही येत नसेल तर आधी आठ दिवस येऊन सही गिरवायची, मगच अर्ज. लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची नक्कल ते वहीत ठेवतात. अशा एकोणीस वह्या त्यांच्या फडताळात आहेत.

संध्याकाळी छत्री उघडून तरातरा त्यांच्याकडे गेले.

"या मास्तरीणबाई. वाटच बघत होतो," अण्णा म्हणाले. काकूंनी न विचारता चहाचं आधण ठेवलं.

"अण्णा, माझ्याशी भांडण लावून द्यायला तुम्हांला मावशीच सापडल्या?"

अण्णा हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले, "अर्ज म्हणजे भांडण नव्हे, बाई. भांडण होऊ नये म्हणून अर्ज करायचा असतो. तोंडी सांगितलेलं तुम्ही ऐकलं असतं, हो म्हटलं असतं आणि चार दिवसांनी विसरला असतात. ती परत सांगायला लाजली असती. मग एक दिवस न सांगता काम सोडून गेली असती. तसं झालेलं बरं, की हे बरं?"

मग त्यांनी एक जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. ही अर्जांची नव्हती. वाचलेल्या गोष्टी उतरवून ठेवायची होती. एका पानावर मथळा होता, "मुंबई, सप्टेंबर १८८४". खाली पाच मागण्या. रविवारी सर्व कामगारांना सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. काम करताना दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी.

मी पर्समधला मावशींचा कागद काढून शेजारी ठेवला. मध्ये जवळजवळ एकशे चाळीस वर्षं गेलेली, आणि कागद जणू एकाच हातचे! सुट्टी, वेळेवर पगार, दुखण्याखुपण्याची सोय. मागणारा तेवढा बदलला होता. आणि देणारी मी होते.

त्या १८८४ च्या मागण्या ज्यांनी पुढे मांडल्या त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव मी ऐकलं होतं, बी. ए. ला असताना कुठंतरी एका ओळीत वाचलंही होतं. पण एका ओळीत माणूस कसा कळणार? अण्णांनी सांगितलं आणि मग मी स्वतः वाचलं, ते थोडक्यात सांगते.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. शिक्षण बेताचं. मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे कारकुनी पेशाचे. स्वतः मागावर उभे नसले तरी मागावरची माणसं ते रोज पाहत होते. तेव्हा गिरणी उजाडताच सुरू व्हायची आणि दिवस मावळल्यावर थांबायची. बायका, लहान मुलंही त्यात. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, पण तो मुलांपुरताच. मोठ्या माणसांना त्यात काहीच नव्हतं. साप्ताहिक सुट्टी ठरलेली नव्हती. सणाला गिरणी बंद राहील तेवढीच उसंत.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेलं 'दीनबंधु' हे पत्र चालेनासं झालं, तेव्हा लोखंड्यांनी नोकरी सोडली आणि १८८० पासून ते मुंबईत चालवायला घेतलं. मैत्रिणींनो, लागलेली नोकरी सोडून न चालणारं वर्तमानपत्र घेणाऱ्या नवऱ्याला आपल्यापैकी कितीजणी "बरं केलंत" म्हणतील? मी तर म्हटलं नसतं. पण पुढं मरेपर्यंत त्यांनी ते पत्र चालवलं आणि त्यात गिरणीतल्या माणसांची गाऱ्हाणी छापली.

१८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरल्या. सरकारनं नेमलेल्या कमिशनपुढे ठेवायला त्या पाच मागण्यांचं निवेदन तयार झालं आणि साडेपाच हजार कामगारांनी त्याला दुजोरा दिला. बाँबे मिल हँड्स असोसिएशन ही त्यांची संघटना. आजच्यासारखी वर्गणी, पावती, कार्यालय असं तिचं रूप नव्हतं, पण आपल्या देशातल्या कामगार चळवळीचा आरंभ इथूनच धरतात.

निवेदन दिलं आणि उद्या सुट्टी मिळाली असं मात्र झालं नाही. सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलात मुंबईत दहा हजारांच्या आसपास कामगारांची मोठी सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्यांची नावं इतिहासाच्या पुस्तकांत मला सापडली नाहीत. पण त्या काळी दहा हजार लोकांसमोर उभं राहून "आम्हांलाही विसावा हवा" म्हणणाऱ्या त्या दोघी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानायला उभी राहिले तरी माझे पाय लटपटतात.

शेवटी १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यानं आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, आणि स्त्रियांचं काम दिवसाला अकरा तासांहून जास्त नसावं असंही ठरलं. अकरा तास ही तेव्हा सुधारणा होती, हे वाचून मी वही मिटून नुसती बसून राहिले.

माणूस गिरणीपुरताच नव्हता. विधवांच्या केशवपनाला नाभिकांनी नकार द्यावा म्हणून १८९० साली मुंबईत त्यांची सभा झाली, तिच्यामागे लोखंडे होते. १८९३ मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला तेव्हा राणीच्या बागेत सभा भरवून त्यांनी सलोख्याचं आवाहन केलं. सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. पण १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लोक गाव सोडून पळू लागले, तेव्हा हे रावबहादूर रोग्यांच्या सेवेत राहिले. त्यातच प्लेग होऊन ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. त्यानंतर महिन्याभरानं, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. २००५ साली टपाल खात्यानं लोखंड्यांचं तिकीट काढलं. आपण मात्र दर रविवारी उशिरा उठतो आणि त्यांची आठवण काढत नाही.

"आता एक सांगा," अण्णांनी चष्मा पुसत विचारलं, "मावशी आली नाही की तुम्ही कॅलेंडरवर काय लिहिता?"

"खाडा."

"आणि तुमचे हे घरी असतात त्या दिवसाला काय म्हणता?"

मी गप्प. आमच्या ह्यांची नोकरी रेल्वेत. रेल्वेच्या घरात रविवार नसतो, 'रेस्ट' असते. ती कधी मंगळवारी येते, कधी शुक्रवारी. पण येते. ती हुकली की आमचे हे घरभर धुसफुसतात. माणूस यंत्र नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! कसाऱ्याहून घाट चढायचा तर गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. सदतीस फूट पुढं जावं तर एक फूट वर, असा तो चढ. इंजिनाला चढावर मदत लागते हे आम्हांला पटतं. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला विसावा लागतो, हे पटायला अर्ज यावा लागला.

इतका वेळ चहा गाळत असलेल्या काकू तेव्हा बोलल्या. "ऐका बाई, आता माझं गाऱ्हाणं. १९७४ चा रेल्वेचा संप झाला. ८ मेला सुरू झाला, २७ ला संपला. देशभरात सतरा लाख माणसं त्यात होती म्हणतात. हे तेव्हा नुकते लागलेले खलाशी. पोरसवदाच. चाळीतल्या पाचसहा घरांचे पुरुष पकडतील म्हणून बाहेर. आम्ही बायकांनी काय केलं? जिच्या घरी पीठ, तिच्या घरी चूल. वीस दिवस एकत्र भाकऱ्या थापल्या. त्या संपात आठ तासांच्या ड्यूटीची मागणी होती. मी ह्यांना नंतर विचारलं, माझी ड्यूटी किती तासांची? तर हे म्हणाले, घरचं काम ते काम का?"

अण्णा खाली बघून वहीच्या कडा सारख्या करू लागले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! रिटायर झाले तेव्हा मी तोंडी निवेदन दिलं. आता तुम्ही सुटलात, मी कधी सुटणार? तेव्हापासून रविवारी संध्याकाळची खिचडी हे करतात. करपते कधीकधी. पण मी उठत नाही."

अण्णा म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या रजा लिहिल्या. घरातली एक राहिली होती."

मी घरी आले ती रागावलेली नव्हते, पण सोपंही वाटत नव्हतं. जेवताना विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "एकीनं दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. शेजारणी आपल्यालाच बोल लावतील." त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. हे म्हणाले, "मला रेस्ट नाही मिळाली तर मी युनियनकडे धावतो. तिनं कुठं धावावं?" एरवी असं वाक्य ते माझ्या बाजूनं कधी टाकत नाहीत; त्या दिवशी मावशींसाठी टाकलं!

दुसऱ्या दिवशी मी मावशींना म्हटलं, "बुधवारी सुट्टी घेत जा, मला बुधवार सोयीचा." त्यांनी मान हलवली आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचा बुधवार, पलीकडच्यांचा सोमवार, डॉक्टरीणबाईंचा शनिवार. मग मला सुट्टी कुठली? रोज घरातून निघावंच लागणार."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार घरांनी चार वेगवेगळे दिवस दिले तर चारही घरांना वाटणार आपण सुट्टी दिली, आणि बाईला एकही मिळणार नाही. लोखंड्यांनी सगळ्यांसाठी एकच दिवस का मागितला, ते मला तेव्हा नीट कळलं. रविवार हा खंडोबाचाही वार. त्या दिवशी माणूस आपल्या माणसांत असावा, म्हणून सगळ्यांचा दिवस एकच हवा.

मग मी उरलेल्या तीन घरी गेले. दोघींनी थोडी कुरकुर करून रविवार मान्य केला. मावशींचे पैसे न कापता, हे विशेष. तिसरीनं "आमच्याकडे रविवारीच पाहुणे असतात" म्हणून नाही म्हटलं.

अण्णांनी दिलेली थोडी माहिती तुमच्यासाठीही लिहून ठेवते. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. कामगार खात्याच्या कार्यालयात त्यांची नोंदणी करता येते. २०२१ पासून ई-श्रम कार्डही निघालं आहे. २०११ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत घरकाम करणाऱ्यांसाठी करार झाला, त्यात आठवड्यातून सलग चोवीस तासांचा विसावा सांगितला आहे. आपल्या देशानं त्याला मंजुरी दिलेली नाही. तोवर कायदा आपल्या ओट्यापाशीच करायचा आहे.

आता तुम्ही विचाराल, मावशी नसताना रविवार निभावायचा कसा? आमच्या घरी बसलेली घडी सांगते.

शनिवारी रात्रीची भांडी मावशींसाठी साठवायची नाहीत. नाहीतर सोमवारी तिप्पट ढीग, मग ती सुट्टी कसली? शनिवारी जेवण झाल्याबरोबर दोघांनी मिळून घासून टाकायची. रविवारी एका पातेल्यातला बेत करावा. मुगाची खिचडी, ताकाची कढी, नागलीचा पापड. आपल्याकडच्या इंद्रायणी तांदळाची खिचडी मऊ होते, भात थोडा कमी शिजवावा. ज्याचं त्यानं ताट घासायचं, यातून कोणालाही सूट नाही, पाहुण्यांना तेवढी द्यावी. धुणं शनिवारी सकाळी उरकावं. पावसात एरवीही रविवारचं धुणं वाळत नाही. आणि मुख्य म्हणजे मावशींचं काम उचलून स्वतःच्या गळ्यात घेऊ नका. नाहीतर तिची सुट्टी आणि तुमचा दुप्पट दिवस, असं होईल. काकूंचं गाऱ्हाणं लक्षात ठेवा. घरात जितकी माणसं जेवतात तितक्यांत काम वाटा.

आणि कॅलेंडरवर त्या दिवशी 'खाडा' लिहू नका. मी 'सुट्टी' लिहिते.

पहिल्या रविवारनंतर सोमवारी मी मावशींना विचारलं, "काय केलंत काल?" भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, "झोपले, ताई. मग दुपारी उजेडात बसून लेकीचं डोकं विंचरलं, वेणी घातली. रोज अंधारातच निघते ना मी. तिचे केस एवढे वाढलेत हे मला ठाऊकच नव्हतं."

त्या चौथ्या घरी मावशी अजून रविवारी सकाळी जातात. म्हणजे रविवार मिळाला तो अर्धाच. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "लोखंड्यांना सहा वर्षं लागली, मास्तरीणबाई. वही उघडी ठेवा." मी येत्या हळदीकुंकवाला त्या शेजारणीला मुद्दाम बोलावणार आहे. तिळगूळ देईन आणि गोड बोलून पुन्हा विचारीन.